इंदूबाईच्या मूर्तीची किंमत

पांढुर्ण्याजवळच्या तिगावात इंग्रजी वाचता येणारा मी एकटा, याची मला त्या काळी भारी घमेंड होती. शाळेत मास्तर, विहाराचा चिटणीस, आणि कुणाकडे तार आली की वाचायला मीच. त्यामुळे इंदूबाईला श्रीलंकेहून पत्र आलं तेव्हा ती ते घेऊन माझ्याकडेच आली.

इंदूबाई संत्र्याच्या तोडीला जाणारी बाई. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही, दारात दोन बकऱ्या. गुडघे धरले तशी तिने तोड सोडली आणि बकऱ्यांच्या दुधावर भागवू लागली. त्र्याऐंशीच्या दसऱ्याला ती नागपूरला दीक्षाभूमीवर गेली. तिथे एका सिंहली भंतेजींना तिने आपल्या शिदोरीतली भाकर वाढली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, की आमच्या विहारात बुद्धाचा नुसता फोटो आहे, मूर्ती नाही. भंतेजींनी पत्ता लिहून घेतला. गावातल्या बाया तिला चिडवायच्या, "पाहा वं इंदूबाई, विमानानं येऊन राहिली तुही मूर्ती!"

आणि पत्र खरंच आलं. मूर्ती लाकडाची आहे, भंतेजींच्या गावच्या सुताराने कोरली आहे, चाळीसेक रुपयांची होईल. पार्सलच्या फॉर्मवर किंमत किती लिहू, असं भंतेजींनी विचारलं होतं.

चाळीस रुपये! मला ते झोंबलं. आपल्या बुद्धाची किंमत चाळीस रुपये वाचून मुंबईच्या कस्टममधला कुणी कारकून हसला तर? मी कुणालाही न विचारता उत्तर धाडलं, 'एक हजार लिहा.' इंदूबाईला एवढंच सांगितलं, की मूर्ती निघाली आहे.

फाल्गुनात पार्सल पांढुर्ण्याच्या पोस्टात येऊन पडलं. मी सायकल मारत गेलो. पोस्टमास्तर दत्तात्रयजींनी पावती पुढे केली. कस्टम ड्यूटी हजाराच्या वर. मूर्तीपेक्षा कर मोठा!

"येवढी कशी?" मी म्हणालो.

"फार्मवर हजार लिवले, गुरुजी. भेट आहे, चाळीस-पन्नास लिवले असते त तशीच सुटली असती. खरी किंमत सांगणारं पत्र असन त आणा, मी मुंबईले पाठवतो. कमी करतीन ते. नाही त आठ दिवसांत पार्सल वापस जाते."

पत्र माझ्या पेटीत होतं. ते दिलं असतं तर ती हजाराची अक्कल कुणाची, हे गावाला कळलं असतं. मी म्हणालो, "पत्र नाही."

गावात येऊन सांगितलं, सरकारने कर लावला. लोकांनी सरकारला शिव्या घातल्या. सगळ्यांत जास्त मी. वर्गणीतून निम्मे जमले. सातव्या दिवशी इंदूबाईने दोन्ही बकऱ्या पांढुर्ण्याच्या बाजारात विकल्या. त्या दिवशी मी तिच्यासोबत होतो. बकरीच्या गळ्यातली दोरी तिने सोडून घेतली, तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी भित्रा माणूस.

खोक्यातून वीतभर मूर्ती निघाली. इंदूबाईने ती पदराने पुसली आणि म्हणाली, "लहान हाय, पण कशी शांत बसली हाय." सोबत भंतेजींची चिठ्ठी होती. ती मी सगळ्यांपुढे मराठी करून वाचली आणि एक ओळ गाळली.

दुसऱ्या आठवड्यापासून इंदूबाई पुन्हा तोडीला जाऊ लागली. सकाळी शाळेचं कुलूप उघडताना ती मला मजुरांच्या ट्रकमध्ये चढताना दिसायची. दोघीजणी तिला वर ओढायच्या. ती हसून "जयभीम गुरुजी" म्हणायची. मला तो जयभीम नकोसा व्हायचा.

दर बुद्धपौर्णिमेला इंदूबाई ती चिठ्ठी माझ्याकडून विहारात वाचून घ्यायची. तीन वर्षं मी तीच ओळ गाळली. चौथ्या वर्षी, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, ती माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"गुरुजी, तुमी दरसाल एकाच जागी अडकता. तिथं काय लिवलं हाय?"

मग मात्र माझ्याने राहवलं नाही. सगळं सांगितलं. चाळीस रुपये, हजार रुपये, पेटीतलं पत्र. ती गुडघा चोळत राहिली.

"हजार लिवले त्याचं काई नाही. मीबी तेच सांगतलं असतं," ती म्हणाली. "पण बकऱ्या इकताना तुमी माह्याजवळ उभे होते."

दुसऱ्या दिवशी विहार भरला. मी नेहमीप्रमाणे पुढे सरकलो. इंदूबाईने चिठ्ठी सौंसरच्या कॉलेजात शिकणाऱ्या स्मिताच्या हातात दिली.

"वाच बाई. मधात थांबू नोको."

स्मिताने वाचलं. 'गुरुजींनी कळवल्याप्रमाणे किंमत एक हजार लिहिली आहे. खरं तर तेवढी नाही.' ती थांबली नाही. मान वळवून माझ्याकडे पाहणाऱ्यांत इंदूबाई नव्हती. ती मूर्तीकडे पाहत होती.