सम आकड्याचे साहेब

देवमन तायड्याला कोणी लाच दिली असती तर त्यानं ती खिडकीबाहेर भिरकावली असती. माणूस तसा कडक. पण त्याला मिळाली खुर्ची, आणि तिथंच गडी फसला.

अमरावती-अकोल्याच्या मधे एका गावात कोर्ट होतं. गावाचं नाव सांगत नाही, उगाच कोणाच्या पोटात दुखायला नको. वलगावचा देवमन तिथं सत्तावन्न साली दावे दाखल करून घेणारा कारकून म्हणून लागला. त्याच्या बौद्ध वस्तीतला पहिला सरकारी नोकर, अक्षर मोत्यासारखं. कोर्टात साहेब दोन. विषम आकड्याचा दावा थोरल्या साहेबांकडे, सम आकड्याचा धाकट्यांकडे. कोणी आपल्या सोयीचा साहेब निवडू नये म्हणून ही रीत. थोरले साहेब समोरच्याचं ऐकल्याशिवाय कागदाला पेन लावत नसत. धाकटे साहेब काही पैसे खाणारे नव्हते हो, पण भारी घाईचे. वकिलानं जरा गळा काढला की मनाई हुकूम तिथल्या तिथं!

आता वकील म्हणजे वकील. भय्यासाहेब वकिलांनी तोड काढलीच. त्यांचा मुन्शी नत्थुजी सकाळी खिडकीशी यायचा. "देवमनराव, आता कोनता आकडा हाय?" देवमन सांगायचा. विषम असला की नत्थुजी आधी एक बुजगावणं सरकवायचा, म्हणजे चार दिवसांनी मागे घ्यायचा एखादा फालतू दावा. विषम आकडा त्याच्यावर खर्ची पडायचा, आणि मागोमाग खरा दावा बरोबर धाकट्या साहेबांपुढे जाऊन बसायचा.

"म्या काय बदलवलं? फक्त आकडा तं सांगतला," देवमन मनाशी म्हणायचा. घड्याळात किती वाजले ते सांगणाऱ्यावर गाडी चुकल्याचा आळ येतो का?

आणि सांगायचा तरी कशासाठी? पहिल्याच महिन्यात भय्यासाहेबांनी त्याला बैठकीत बोलावलं, चारचौघांदेखत खुर्ची दिली, स्वतः पीत होते तसल्याच कपात चहा दिला आणि 'देवमनराव' म्हणाले. शाळेत दाराबाहेर बसून शिकलेल्या माणसाला तो चहा कसा लागला असेल! मला त्याचा राग येतो, आणि येता येता राहतो.

एकदा थोरल्या साहेबांनी विचारलंसुद्धा. "तायडे, माझ्याकडचे दावे असे आठवड्यात मरतात कसे?" सगळं देवमनच्या ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर नोकरी जाणार, खुर्ची जाणार, आणि गाव म्हणणार, बघा, यांना नोकऱ्या दिल्या की असंच होतं. "योगायोग, साहेब," तो म्हणाला. अरे बाबा, तोंड उघडायची वेळ तीच होती!

एकसष्टच्या मे महिन्यात त्याच्या धाकट्या बहिणीच्या, दुर्गाबाईच्या घराची भिंत खचली. बाई विधवा, कोर्टाच्याच तालुक्यात एका खेड्यात राहायची. तिनं छपराची टिनं उतरवली आणि नवी भिंत बांधायला सुरुवात केली. तेवढ्यात शेजारचा दुकानदार म्हणू लागला, जागा माझी आहे, कोर्टात जातो. दुर्गाबाई हसली. "जाय ना! माहा भाऊच कोर्टात हाय. मले कायचं भेव?"

उन्हाळ्याची सुट्टी संपून कोर्ट उघडलं, त्या सोमवारी नत्थुजी खिडकीशी आला. "कोनता आकडा?"

"एकशे सदतीस."

बुजगावणं आत आलं, त्याची नोंद झाली. मग खरा दावा आला. देवमननं वाचलं. वादी दुकानदार. प्रतिवादी दुर्गाबाई. मागणी, भिंतीचं काम थांबवावं.

"नत्थुजी, तो पयला कागद वापस घ्या," त्यानं बुजगावणं खिडकीतून परत पुढं केलं. "माह्या बहिनीचं घर हाय हे."

भय्यासाहेब नत्थुजीच्या मागेच उभे होते. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. "लिहा, देवमनराव. चार वर्षं दुसऱ्यांची घरं आली तेव्हा चाललं, आज तुमचं आलं तर नियम आठवला? नाही तर असं करू, दोघं जाऊन थोरल्या साहेबांनाच विचारू."

देवमन जागचा हलला नाही. जाणार कुठं? एका दाव्याचं सांगायचं तर चार वर्षांचं सगळं सांगावं लागलं असतं. त्यानं त्याच सुरेख अक्षरात एकशे अडतीस लिहिलं.

दुपारी धाकट्या साहेबांचा हुकूम निघाला. सुनावणी होईस्तोवर जैसे थे. म्हणजे टिनं खाली, भिंत कमरेएवढी, आणि पावसाळा तोंडावर. तारखांवर तारखा पडल्या. आषाढात उरलेल्या तीन भिंतीही बसल्या.

देवमन तिला आपल्या घरी घेऊन आला. बाई भिजलेलं गाठोडं घेऊन दारात उभी, आणि ह्यालाच रडू फुटलं. "दुर्गे, मले तुले एक सांगाचं हाय..."

"रडू नोको दादा," तीच त्याची समजूत घालू लागली. "थोरल्या सायबाकडं लागलं असतं तं वाचलो असतो, म्हनतात लोकं. पन आकडा काय कोनाच्या हातात असते? तुह्या हातात असता तं तू मले असं उघड्यावर पडू देल्लं असतं काय?"

देवमननं पुढं काही सांगितलं नाही. नोकरी संपेपर्यंत तो भय्यासाहेबांच्या खुर्चीवर पुन्हा बसला नाही. बोलावलं की दारातच उभा राहायचा. नत्थुजी मात्र रोज सकाळी खिडकीशी यायचा, आणि देवमन त्याला आकडा सांगायचा.