नव्या जहाजाचे दार

नूतनीकरण होऊन नुकत्याच पाण्यात उतरलेल्या क्रूझवर माझ्या शेजारच्या केबिनमध्ये जव्हारचे एक वयस्कर सुतारचाचा होते. मुलाने आईवडिलांना मुंबईहून गोव्याची सफर घडवली होती. दोन हजार सालानंतरची गोष्ट. पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या बाथरूमचे दार अडकले आणि चाचांची बायको आत राहिली. दार ठोकल्याचा आवाज ऐकून मीही तिथे गेलो.

एकामागून एक तीन कर्मचारी आले. प्रत्येकाने दार ओढून पाहिले आणि सांगितले, "सर, सगळं नवीन आहे." तिसऱ्याने तक्रारीचा फॉर्म पुढे केला.

"तुम फारम भरो," आतून आवाज आला, "मैं इधरच गोवा देखती."

चाचांनी चौकटीच्या कडेने अंगठ्याचे नख फिरवले. ते कुठेच आत शिरले नाही.

"साहेब," ते मला म्हणाले, "आमच्या जव्हारला दार बसवताना पोस्टकार्ड सरकेल एवढी फट ठेवतात. पावसात लाकूड फुगतं ना. यांनी समुद्रात न्यायचं दार कोरड्यात चापून बसवलंय."

त्यांनी पेचकस मागितला. प्रवाशांना हत्यार देता येत नाही, असे उत्तर मिळाले. शेवटी जेवणाच्या सुरीने त्यांनी बिजागऱ्या सोडवल्या. घामाने भिजलेली बायको बाहेर येऊन पलंगावर बसली. कर्मचाऱ्याचा लगेच आग्रह, दार परत लावा.

"लावतो. आधी कड तासायला रंधा आणा."

एवढ्या मोठ्या जहाजावर रंधा नव्हता. सकाळी कुणीतरी कानशीने घासून दार तयार केले. चाचींनी ते लावूच दिले नाही. गोव्याला उतरेपर्यंत बाथरूमला चादर टांगलेली होती.