पाणी गार होतं

पुंजाराम डायवर मोटार चालवत नव्हता. नवीन जालन्यात स्टेशनच्या मागच्या अंगाला एक जिनिंग होतं, तिथलं इंजिन तो चालवायचा. इंजिनवाल्यालाही तेव्हा डायवरच म्हणत. कापसातून सरकी काढणारी अठ्ठावीस यंत्रं त्या एका इंजिनावर फिरायची. ते थांबलं की दीडशे माणसं बसून राहायची. मी त्या इंजिनावर १९६९ पासून तेलवाला होतो. ठरल्या वेळी ठरल्या जागी तेल देणं हे माझं काम.

पुंजारामचं गाव अंबडकडचं. छप्पन्न साली घरानं धम्म स्वीकारला आणि त्याच हंगामात तो जिनिंगमध्ये हमाल म्हणून लागला. पुढं सात वर्षं त्यानं आधीच्या डायवराच्या हाताखाली नुसतं इंजिन पुसलं. पुसता पुसता शिकला. शाळा तिसरीपर्यंत. ‘काम झालं’ असं तो कधी म्हणत नसे. ‘बघून घेतलं’ म्हणायचा, आणि खरोखर बघितलेलं असायचं.

इंजिन पाण्यानं गार राहायचं. वरच्या टाकीतलं पाणी दोन्ही सिलिंडरांभोवतीच्या पोकळीत खालून शिरायचं, तापून वरच्या नळीनं बाहेर यायचं आणि एका उघड्या नरसाळ्यात पडायचं. तिथून हौदात. त्या पडत्या धारेखाली हात धरून पुंजाराम दहापर्यंत सावकाश मोजायचा. दहाच्या आत हात काढावा लागला तर पाणी कमी पडतंय, कॉक उघडायचा. वीसपर्यंत हात सुखानं राहिला तर पाणी जास्त होतंय, कॉक आवळायचा. तो म्हणायचा, इंजिन थंड पडलं तरी झिजतं. पाण्याची उष्णता मोजायची काचेची नळी कधीकाळी होती, ती फुटली होती. नवी कुणी आणली नाही. हातावर चाललं होतं.

मला शिकवताना त्यानं आधी स्वतःचा हात धारेखाली धरला. मग म्हणाला, “धर आता.” मी थबकलो. आमचं घर कुणब्याचं. घरी जे शिकवलेलं होतं ते अंगात होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

“भाजतंय म्हणून थांबलास की दुसरं काही?”

मी उगाच बाही वर सारली.

“धार वाहती हाय, तातेराव. माझा हात कवाच धुऊन गेला. मोज.”

मी मोजलं. पुन्हा कधी थबकलो नाही, पण तो विसरला असेल असं मला वाटत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात जिनिंगची विहीर आटली. मालकांनी बोअर पाडलं. पाणी लागलं, पण जड. पुढच्या पावसाळ्यात विहीर भरली, तेव्हा ते गोडं पाणी मालकांच्या मोसंबीच्या बागेला गेलं. इंजिनाला बोअरचंच राहिलं. पुंजारामची बायको चतुराबाई जिनिंगमध्येच सरकी निवडायची. ती एक दिवस जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, “ह्या पाण्यात डाळ शिजत न्हाई. भगुण्याच्या बुडाला पांढरी खपली धरून राह्यली. खरवडून माझी नखं गेली.”

पुंजाराम जेवता जेवता थांबला. भाकरी तशीच ठेवून उठला आणि इंजिनाकडं बघत उभा राहिला. मला तेव्हा काही कळलं नाही.

पंचाहत्तरच्या जानेवारीत, हंगाम भरात असताना, धार गार लागू लागली. यंत्रं तेवढीच, डिझेल तेवढंच, कॉक तिथंच, धारही तेवढीच. पण हात वीसपर्यंत राही, पंचवीसपर्यंत राही. थंडीत काम करणारे खूश. पट्टे बघणारा भुजंग म्हणाला, “डायवर, तुझं इंजिन यंदा निवांत हाय. सासुरवाडीला आल्यासारखं.”

“मंग धग गेली कुठं?” पुंजाराम म्हणाला. “डिझेल तेवढंच जळून राह्यलं. पाण्यात धग येत न्हाई, मंग ती हाय कुठं?”

त्यानं बोट ओलं करून सिलिंडरच्या माथ्यावर थेंब सोडला. थेंब टणकन उडाला. पूर्वी तो पसरून हळूहळू वाळायचा. मग त्यानं मला समजावलं. भगुण्याला धरते तीच खपली सिलिंडरभोवती आतून धरलीय. लोखंडाची धग पाण्यापर्यंत पोचत नाही. पाणी नुसतं फिरून येतंय. धार गार आहे म्हणून इंजिन गार आहे असं नाही. दोन दिवस बंद ठेवून झाकणं उघडायची, आत खरवडायचं, एवढंच काम.

त्यानं मॅनेजर रामरावांना सांगितलं. रामराव माणूस वाईट नव्हता, पण फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या आणि मालकांचा रोज फोन येई. ते स्वतः इंजिनघरात आले. सदऱ्याची बाही वर केली, धारेखाली हात धरला आणि मोठ्यानं मोजू लागले. दहा. वीस. तीस. बघायला माणसं जमली होती.

“पुंजाराम, ही मोजणी कुणाची?”

“माझीच, साहेब.”

“सगळ्या कारखान्याला कुणी शिकवली?”

“मीच.”

“मग आता तीस झाले तरी हात पाण्यातच आहे. तुझ्याच हिशेबानं इंजिन गार आहे. दोन दिवस कशाला पाहिजेत? झोपायला?”

माणसं हसली. मीही हसलो असेन.

“हिशेब चांगल्या पाण्याचा होता, साहेब. हे पाणी तसलं न्हाई. माथ्यावर थेंब टाकून बघा.”

“थेंब टाकून दाखवायला ही काय जादू आहे? चालू ठेव.”

पुंजारामनं चार यंत्रांचे पट्टे उतरवले, भार कमी केला. दुपारी रामरावांनी ते परत चढवायला लावले. त्यानंतर तो तिथून हलला नाही. रोज डबा आणून इंजिनापाशीच जेवायचा. मला म्हणाला, तेलाची वेळ अर्ध्यावर आण. मी आणली. तासाऐवजी दर अर्ध्या तासाला तेल दिलं. हे मी शपथेवर सांगतो, कारण पुढं तेच विचारलं गेलं.

नवव्या दिवशी अकराच्या सुमाराला आवाज बदलला. ठोका जड झाला. पुंजारामनं धावत जाऊन डिझेल तोडलं, पण चाक थांबायच्या आतच मागच्या सिलिंडरात पिस्टन धरला, आतच घट्ट अडकला. दांडा वाकला. सिलिंडर उभा चिरला. माणसाला काही झालं नाही, ते त्यानं डिझेल तोडलं म्हणून.

औरंगाबादहून मालकांचा माणूस आला. त्यानं ऑफिसात टेबलाच्या पलीकडं बसून एकेकाला बोलावलं. पुंजारामनं खपलीचं सांगितलं. मग माझी पाळी आली. पुंजाराम दाराशी उभा होता. रामराव आत बसले होते.

“त्या दिवशी धार पाहिली होती?” मालकांच्या माणसानं विचारलं.

“हो.”

“पाणी कसं होतं?”

“गार होतं.”

“पाणी गार असताना पिस्टन धरतो तो तेल कमी पडलं म्हणून. तेलाची जबाबदारी कुणाची?”

तेल मी दिलं होतं, वेळेच्या दुप्पट दिलं होतं. तसं म्हणालो तर पुढचा प्रश्न माझ्यावर येणार, असं मला वाटलं. घरी दोन लहान मुली होत्या. ते कारण मी आजवर स्वतःला देत आलो. नियमाचं जे होतं ते मी सांगितलं.

“जबाबदारी डायवरची.”

दोन्ही उत्तरं खरी होती. त्या दोन उत्तरांवर पुंजारामला काढलं. कागदावर ‘तेल देण्यात हयगय’ असं लिहिलं. असा कागद मागं असलेल्या माणसाला दुसरं कुणी इंजिनाला हात लावू देत नाही. त्यानं पाच ठिकाणी विचारलं, पाचही ठिकाणी तोच कागद आधी पोचला होता. चतुराबाईला कुणी काढलं नव्हतं, तीही आली नाही.

महिन्यानं फिटर आले. झाकणं उघडली. आत सिलिंडरभोवती बोटभर जाड पांढरा थर होता, दगडासारखा. छिन्नीनं फोडावा लागला. फोडलेला चुना मी टोपल्यांनी बाहेर टाकला. चार टोपल्या भरल्या. रामराव येऊन बघून गेले. “जड पाणी आहे,” म्हणाले. तेवढंच. त्या पावसाळ्यात विहिरीची नळी इंजिनाकडं वळवली.

पुंजाराम अंबड रस्त्याला खडी फोडायला लागल्याचं भुजंगनं सांगितलं. एका रविवारी मी सायकलनं गेलो. दहा-अकरा मैल. तो खडीच्या ढिगापाशी बसला होता. हातोडा सारख्या मापानं पडत होता, खडी एकसारखी निघत होती. इतरांचे ढीग लहानमोठ्या तुकड्यांचे, त्याचा तसा नव्हता.

“दादा, उघडलं इंजिन,” मी म्हणालो.

“किती जाड?”

“बोटभर.”

“दोन्हीकडं?”

“दोन्हीकडं. मागच्यात जास्त.”

“मागच्यात जास्तच राहणार. तिकडं पाणी उशिरा पोचतं.” त्यानं हातोडा खाली ठेवला. तोंडावर काही समाधान दिसलं नाही. “साहेबानं बघितलं?”

“बघितलं.”

“तू काही म्हणालास?”

“नाही.”

“तेल तर तू दिलंच होतं,” तो म्हणाला. “मी उभा होतो तिथं. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, तातेरावची काही चूक न्हाई म्हणून. तुझी नोकरी गेली नसती. एवढं कळलं न्हाई तुला?”

मला कळलं नव्हतं. त्या टेबलासमोर ते सुचलंच नव्हतं.

“अन् आता मला सांगायला दहा मैल सायकल हाणत आलास. साहेबाची खोली इंजिनापासून वीस पावलांवर हाय.”

मुकादमानं लांबून आवाज दिला. पुंजारामनं पुढचा दगड ओढून घेतला. मी सायकल वळवली. त्यानं पुन्हा वर पाहिलं नाही.

सोमवारी कामावर गेलो. नवा डायवर आला होता, परभणीकडचा. रामराव खोलीत बसले होते, दार उघडं होतं. मी कामाला लागलो.