चेतनाची वाक्यं

चेतना सोनवणे इंग्रजी शिकायला आली तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं, की माझ्याकडे कारणं, रडारड आणि मराठी चालत नाही. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. मंगळवार, शुक्रवार, पाच ते साडेसहा. नव्या शब्दाचं वाक्य स्वतःबद्दल करायचं, 'आय'पासून सुरू. खरं असायची गरज नाही. वाक्य न अडखळता झालं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि घरी जाऊन तेच दहा वेळा मोठ्याने म्हणायचं. अशाने माणसाची भीड चेपते, एवढं मला कळतं. त्यापलीकडे फार काही कळतं असा माझा दावा नाही.

चेतना मूळची वाशीमची, लग्न होऊन भांडुपला आली. चाळिशी उलटलेली, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. एका लॅबसाठी ती सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. आमच्या पाचव्या मजल्यावरच्या विमलाताईंची शीर भल्याभल्यांना सापडत नाही. चेतना त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसते, इकडचं तिकडचं विचारते आणि बोलता बोलता काम उरकते. इंग्रजी कशाला हवं, असं मी विचारलं तर म्हणाली, "टॉवरमधले पेशंट इंग्लिशमध्ये सुरू होतात ना मॅडम, माझी बोबडी वळते." मला पटलं.

फेब्रुवारीत आम्ही उदासपणाचे शब्द घेतले. सॅड, लो, ग्लूमी, मिझरेबल, होपलेस, असं मी बोर्डावर एकाखाली एक लिहिलं. सगळ्यात खाली नम्ब, म्हणजे बधिर. त्याचं वाक्य कुणालाच सुचेना, तेव्हा मीच लिहून दिलं: 'माय हजबंड डाइड अँड आय फील नम्ब.' सगळ्यांनी मुकाट्याने वहीत उतरवलं. माझा नवरा, जयवंत, जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. लिहिताना मला काहीही वाटलं नाही. मार्कर सुकत आलाय, एवढंच लक्षात आलं.

त्यानंतर चेतना स्वतःच शब्द आणायला लागली. लॅबच्या फॉर्मच्या पाठीवर देवनागरीत लिहिलेले असायचे. एम्प्टी. वर्थलेस. एक्झॉस्टेड. मी अर्थ सांगायचे, ती वाक्य करायची. "आय फील एम्प्टी. आय डोन्ट वॉन्ट टू गेट अप." कुठे अडखळणं नाही. विम्याचं काम करणारा सुशांत तर "झकास!" म्हणून ओरडला. मीही खूश होते. असा विद्यार्थी पाच वर्षांत एखादा मिळतो.

एका मंगळवारी ती उभी राहिली आणि म्हणाली, "आय अ‍ॅम अ बर्डन ऑन माय मदर."

तिची आई कधीच वारलेली होती, हे मला ठाऊक होतं. पण वाक्य खरं असायची गरज नाही, हा नियम माझाच. सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. "मॅडम, कुणी असं म्हटलं तर उत्तर काय द्यायचं?"

"कोण म्हणालं?"

"विशाल. माझा मुलगा." विशाल तेवीस वर्षांचा. इंजिनीअर झाला, नोकरी लागली, आठ महिन्यांत गेली. दिवाळीपासून आतल्या खोलीला कडी लावून पडून होता. दर बुधवारी फोनवर एका समुपदेशक बाईंशी बोलायचा, तेही इंग्रजीत. चेतना दाराबाहेर बसून कानावर पडेल ते फॉर्मवर लिहून घ्यायची. "मराठीत विचारलं की म्हणतो, मी ठीक आहे गं. खरं काय ते इंग्लिशमध्येच बोलतो. म्हणून आले शिकायला."

"आणि टॉवरमधले पेशंट?"

"ते पण आहेत ना, मॅडम."

उदासपणाचे वीस शब्द मी शिकवले होते. त्यावर समोरच्याने काय बोलायचं, ते एकोणीस वर्षांत एकदाही शिकवलं नव्हतं. पुस्तकात असतं तेच सांगितलं: "डोन्ट वरी. एव्हरीथिंग विल बी फाइन." तिने लिहून घेतलं. मी पंखा बंद केला.

शुक्रवारी तिने येताच सांगितलं, "नाही चाललं. 'ओके आई' म्हणाला आणि परत कडी." पुढचे दोन आठवडे ती आलीच नाही. मला काळजी वाटली असं लिहायला बरं वाटलं असतं. फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. वाईट बातमी कळली आणि तरीही आपल्याला काहीच वाटलं नाही तर, याची मला भीती वाटत होती.

तिसऱ्या मंगळवारी साडेसहाला, सगळे निघाल्यावर, ती दारात उभी. सरळ मराठीतच बोलायला लागली. मी अडवलं नाही.

"मागचा होमवर्क राहिला होता मॅडम. भाकरी करता करता म्हणत होते. आय फील एम्प्टी, आय डोन्ट वॉन्ट टू गेट अप. सात-आठ वेळा झालं असेल. तर कडी वाजली. विशाल दारात. मला म्हणतो, आई, कधीपासून?"

"मग?"

"सांगणार होते, अरे क्लासचं आहे. तोंड उघडलं आणि म्हटलं, तुझे बाबा गेले तेव्हापासून." ती आत आली. "खोटं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं. भाकरी करपली, मॅडम. तो तिथेच खाली बसला, ओट्याला टेकून. मग त्याने स्वतःचं सांगितलं सगळं. मराठीत."

माझे हात सवयीने टाळीसाठी वर आले होते. मी ते खाली घेतले.

"बरा झाला?"

"छे. डॉक्टरांकडे नेतेय, म्हणून सुट्ट्या पडल्या. अजून झोपूनच असतो. पण कडी लावत नाही."

मी डस्टर घेऊन बोर्ड पुसायला वळले. मागून ती म्हणाली, "मॅडम, ते तुमचं वाक्य. नम्बचं. कधीपासून?"

वाक्य खरं असायची गरज नसते, असं म्हणणार होते. एकोणीस वर्षं तेच म्हणत आले आहे.

"पावणेदोन वर्षं," मी म्हणाले.

तिने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली.