मांडीवरच्या चपला

बालवाडीच्या पहिल्याच दिवशी माझी भाची जुई दारात चपला काढायला तयार होईना. चपला बाहेर राहिल्या तर घरी जायचं कसं, हा तिचा सवाल. तिला हसवायला मी हत्ती झालो, हाताची सोंड हलवली. बाकीची पोरं हसून लोळली. जुई मात्र रडतच राहिली.

बाईंनी तिला काही समजावलं नाही. "बरं, आण आत," म्हणाल्या आणि स्वतःच्याही चपला मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसल्या. झालं. सगळी पोरं बाहेर धावली आणि आपापल्या चपला घेऊन आली. त्या भारदस्त सभेत मग गाणं सुरू झालं.

आपण मोठी माणसं तरी वेगळं काय करतो? अनोळखी लग्नात दाराजवळची खुर्ची धरतो. हवं तेव्हा निघता येईल, एवढी खात्री पटली की माणूस निवांत बसतो, चांगला जेवतोसुद्धा.

दुसऱ्या कडव्याला जुईचा हुंदका थांबला. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"मामा, तू जा आता."

"आणि तू?"

"आमचं गाणं चाललंय ना."