हमीदाचाचींचा अर्धा श्वास

फोटो काढताना हमीदाचाची समोरच्या माणसाकडे बघतच नाहीत. कॅमेरा चौकोनी, पोटाशी धरायचा, आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. त्यामुळे लाजऱ्या सुनांनाही त्यांच्यापुढे बसायला संकोच वाटत नाही. पलूसमधल्या डोहाळजेवणांना, बारशांना, बायकांच्या आतल्या खोलीत गेली कितीतरी वर्षं त्यांचाच कॅमेरा चालतो. हातात मोबाईल असलेल्या पोरीही त्यांनाच बोलावतात. रोलमध्ये फोटो बाराच, त्यामुळे चाची एकही वाया घालवत नाहीत.

मी त्यांची शेजारीण. शाळेत शिकवते, म्हणून त्यांच्या तोंडी मी ‘मास्तरीणबाई’. एकदा हौसेनं त्यांचा कॅमेरा मागून घेतला आणि माझे बाराही फोटो हलले. चाची मनसोक्त हसल्या. मग पट्टा माझ्या गळ्यात घालून कॅमेरा खाली ओढून धरायला लावला, माझी कोपरं बरगड्यांना टेकवली. “श्वास कोंडायचा न्हाई गं. कोंडला की काळीज लयच उड्या मारतंय. अर्धा सोडायचा, आन् मग बटण. तेबी दाबायचं न्हाई. भात शिजला का बघाया शीत चेपतीस न्हवं, तेवढंच!” स्टँडचं नाव काढलं की चिडतात. “माजघरात पाच बाया, त्यात ते तीन पायांचं कुठं हुबं करू?” फ्लॅशही नको, माणूस दचकतं म्हणून.

गेल्या दिवाळीपासून चाचींचा उजवा हात थरथरायला लागला. एका बारशाचे चार फोटो हलले. ते त्यांनी फक्त मला दाखवले. म्हणाल्या, “शिराळ्याचं डोहाळजेवण कबूल केलंय. त्यातबी माझा हात हालला, तर कॅमेरा कपाटात.” मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

शिराळ्याला मी रजा काढून सोबत गेले. अंगणातल्या उजेडात अकरा फोटो बिनघोर झाले. बारावा डोहाळजेवण असलेल्या मुलीच्या आजीचा. तिला खाटेवरून उठता येत नव्हतं, खोलीला एकच खिडकी, आणि नातीबरोबर फोटो तर तिला हवाच होता. अशा उजेडात कॅमेऱ्याचा डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात हात हलला की संपलं. टेकायला भिंतही जवळ नव्हती.

“मास्तरीणबाई, पाठ दे,” चाची म्हणाल्या. मी पाठीला पाठ लावून उभी राहिले आणि भीतीनं माझाच श्वास रोखला गेला.

“आता तू कशाला कोंडलायस? तुझं काळीज माझ्या पाठीला धडका देतंय!”

आजी खळखळून हसली. चाचींचं बोट बटणावरच होतं. कॅमेरा वाजला.

चाची रोल घरीच धुतात. फोटो कागदावर उतरला तेव्हा आजीचा चेहरा पार हललेला होता. चाचींनी भिंग घेतलं, पण चेहरा सोडून त्या आजीच्या मांडीवरची गोधडी बघत राहिल्या. मग शेजारी बसलेल्या नातीचा चुडा.

“मोज,” भिंग माझ्या हातात देत त्या म्हणाल्या.

गोधडीचा टाका न् टाका मोजता येत होता. बांगड्याही सुट्या सुट्या दिसत होत्या.

“आज्जी हालली. मी न्हाई.”

मला रडूच आलं, आणि मी ते लपवलंही नाही. चाचींनी फोटो माझ्या हातातून काढून घेतला. “भिजवशील की गं! त्यापरीस मोबाईल काढ आन् रोल मागव. एक नगं, पाच मागव.”