पंचविसाची गाडी

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पंख्यांच्या जळलेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरणारे धोंडिराम सरवदे एका वायरीमुळे पुन्हा कामाला लागले. पंखे आता कोणी भरून घेत नाही, बिघडला की नवा. विजेच्या स्कूटर मात्र दारोदार झाल्या. त्यातही ताशी पंचवीसच्या पुढे न जाणाऱ्या, म्हणजे लायसन्स नको, नंबरप्लेट नको. कायद्याच्या लेखी ते खेळणंच. या खेळण्याच्या सीटखाली वेग अडवणारी एक वायर असते. ती कापली की गाडी पन्नासला जाते. ब्रेक मात्र पंचविसाचेच राहतात.

हे धोंडिरामांना कळत नव्हतं असं नाही. पण हातात कला होती आणि कलेला गिऱ्हाईक हवं होतं. कापलेली टोकं ते मोटारीच्या वायंडिंगसारखी सुती दोऱ्याने गच्च बांधायचे, वर वार्निश. "इतकं साफ काम करणारा दुसरा दाखवा," असं वर ऐकवायचे. माणसाने अभिमान तरी कशाचा धरावा!

सोमवारी सकाळी शेजारच्या दादूची बायको विमला दूध घेऊन येत होती. सेक्टरच्या वळणावर तिला एका स्कूटरने उडवलं. स्कूटर थांबली नाही. नंबरप्लेटच नाही, तर पोलीस शोधणार काय? गुरुवारी विमला गेली. धोंडिरामांची बायको नीलम गावी गेली की त्यांचं ताट याच विमलाकडे असायचं.

शनिवारी सुयोग स्कूटर ढकलत आला. तिशीतला माणूस, औषधं घरपोच द्यायचा. दिवा फुटलेला, मडगार्ड आत गेलेलं. धोंडिरामांनी सीट उघडली. दोरा त्यांचाच होता.

"कुठे ठोकलीस?"

सुयोग आधी डिव्हायडर म्हणाला, मग रडायलाच लागला. "काका, वळणावर बाई समोर आली. ब्रेक दाबला, गाडी थांबलीच नाही हो. वायर परत जोडून द्या ना. माझी वाट लागेल."

"गाडी ठेव. घरी जा."

तो गेल्यावर धोंडिरामांनी गाडीवर ताडपत्री टाकली. जोडायला पाच मिनिटं पुरे होती. मग गाडी पुन्हा पंचविसाची, सुयोग सुटला आणि तेही सुटले. त्यांनी पक्कड हातात घेतलीही, खोटं कशाला सांगा.

तेवढ्यात दादू दारात उभा.

"धोंडू, तुझ्याकडे सगळ्या गाड्या येतात रे. वळणावर दिव्याच्या काचा सापडल्यात. दिवा फुटलेली एखादी आली तर सांगशील ना?"

"सांगतो," धोंडिराम म्हणून गेले.

दादू वळला, पुन्हा थांबला. "नीलम गावी आहे ना? जेवायला ये. मी भात टाकतोय."

हे मात्र धोंडिरामांना सहन झालं नाही. त्यांनी ताडपत्री ओढली.

"आलीय, दादू. वायर मीच कापली होती."

दादू फुटलेल्या दिव्याकडे बघत राहिला. त्याने मोबाईल काढला, पोलिसांचा नंबर दोनदा चुकीचा दाबला. शेवटी त्याने फोन धोंडिरामांपुढे धरला.

धोंडिरामांनी लावला. पलीकडून हवालदाराने विचारलं, "गाडीचा नंबर?"

"नंबर नाही."

"मग नाव कोणाचं लिहू?"

"धोंडिराम सरवदे लिहा. चालवणाऱ्याचं त्याच्याखाली सांगतो."